टेबलाखालची ऊब

स्पेनमधल्या ग्रानादात हिवाळा आधी घरात शिरतो आणि रस्त्यावर नंतर येतो. नोव्हेंबर अर्धा सरला तरी दुपारी दोनच्या सुमारास कांपो देल प्रिन्सिपेच्या चौकात माणसे अंगातले कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवतात आणि स्वच्छ उन्हात बसून जेवतात. त्याच वेळी चौकापासून दोन गल्ल्या वर असलेल्या आमच्या घरात फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. बाहेरून आलेला माणूस दार उघडल्यावर कोट काढायच्या ऐवजी त्याची बटणे लावतो. उत्तर युरोपातून इथे शिकायला आलेली मुले पहिल्या हिवाळ्यात गोंधळून जातात, कारण त्यांच्या गावी बाहेर बर्फ साचलेला असला तरी घरात साध्या सदऱ्यावर वावरता येते. आंदालुसियातल्या, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागातल्या, जुन्या घरांची रचनाच निराळी आहे आणि ती समजून घेतल्याखेरीज इथला हिवाळा अंगवळणी पडत नाही.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. आग्नेयेला सिएरा नेवादाची रांग आहे आणि तिच्यातले मुलासेन हे सुमारे 3,480 मीटर उंचीचे शिखर सबंध इबेरियन द्वीपकल्पात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूभागात, सर्वांत उंच आहे. हवा कोरडी असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. जानेवारीत दुपारी बारा-तेरा अंश तापमान असते आणि पहाटे पारा शून्याच्याही खाली उतरतो. उन्हाळ्यात मात्र हेच खोरे भट्टीसारखे तापते आणि चाळिशी गाठते. इथल्या गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी घरे बांधली, ती या उन्हाळ्याशी झुंजण्यासाठी: जाड भिंती, दगडी नाहीतर चिनीमातीच्या फरश्या, दोन माणसे शेजारून चालली तर खांदे घासतील अशा गल्ल्या आणि खिडक्यांना गुंडाळून वर-खाली करायचे पडदेवजा दरवाजे, ज्यांना इथे पेर्सियाना म्हणतात. सोलापुरात वाढलेल्या मला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही. आमच्या आजोळी धाब्याचे घर होते आणि मे महिन्यात त्या मातीच्या माळवदाखाली जीव शांत होत असे. पण सोलापूरची थंडी चार दिवसांची पाहुणी असते, म्हणून त्या घराची दुसरी बाजू मला कधी दिसलीच नव्हती. उन्हाळ्यात गारवा साठवणारी भिंत हिवाळ्यातही गारवाच साठवते, हे मला ग्रानादाने दाखवले.

दरवर्षी मी गौरी-गणपतीच्या आधी आईकडे सोलापूरला जाते आणि भाऊबीज आटोपून इकडे परतते. माझे भाषांतराचे काम घरून चालते, त्यामुळे एवढी सवड काढता येते. नवरा विद्यापीठात शिकवतो आणि सप्टेंबरात सत्र सुरू होत असल्याने तो इथेच असतो. मी निघते तेव्हा घर उन्हाळ्याच्या थाटात असते, म्हणजे फरश्या उघड्या, गालिचे गुंडाळून माळ्यावर, दिवसभर पेर्सियाना खाली आणि रात्री सगळ्या खिडक्या सताड उघड्या. परत येते तेव्हा हे सगळे उलटे करायचे असते. गालिचे खाली उतरवून, गच्चीवर उन्हात पसरून, झटकून अंथरायचे. जाड पडदे लावायचे. दाराच्या खालच्या फटीत ठेवायची वाळू भरलेली लांबट पिशवी शोधायची. आणि पेर्सियानाचे वेळापत्रक बदलायचे: सकाळी ऊन खिडकीवर आले की त्या पूर्ण वर, आणि सूर्य टेकला की लगेच खाली, अगदी तळापर्यंत, म्हणजे दिवसभरात भिंतीने जी काही ऊब घेतली असेल ती काचेवाटे निसटत नाही. एका संध्याकाळी विसर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो विसर सोसावा लागतो.

मग विजेचे गणित येते. आमच्या इमारतीला मध्यवर्ती तापनव्यवस्था नाही. शंभर वर्षांहून जुन्या अशा इमारतींमध्ये ती सहसा नसते. स्पेनमध्ये प्रत्येक घर ठरावीक किलोवॉटचा करार करते आणि त्या आकड्यावर दरमहा स्थिर आकार पडतो. आमचा करार 3.45 किलोवॉटचा आहे. तेल भरलेला मोठा रेडिएटर 2,000 वॉट घेतो, पाव भाजायची विजेची भट्टीही जवळजवळ तेवढीच. दोन्ही एकदम चालू केले की खटका पडतो आणि सगळे घर अंधारात जाते. शिवाय 1 जून 2021 पासून विजेचा दर तासागणिक बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी 10 ते दुपारी 2 आणि संध्याकाळी 6 ते रात्री 10 हे सर्वांत महाग तास, मध्यरात्रीपासून सकाळी 8 पर्यंत आणि शनिवार-रविवार पूर्ण वेळ सर्वांत स्वस्त. त्यामुळे कपडे धुण्याचे यंत्र रात्री बारानंतर किंवा रविवारी लावायचे, पाव भाजायचा तो शनिवारी, हे परतल्यानंतर पहिल्या आठवड्यात पुन्हा हाताला वळण लावावे लागते. अंघोळीच्या पाण्यासाठी आमच्याकडे बुतान गॅसचा सिलिंडर आहे: केशरी रंगाचा, आत 12.5 किलो वायू. सरकार दर दोन महिन्यांनी त्याची कमाल किंमत ठरवून देते. आमच्या भागात गाडी ठरलेल्या वारी येते, गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि सिलिंडर वाहणारा माणूस तो खांद्यावर घेऊन जिने चढतो. पाण्याच्या बाटलीचा घोट आणि चार सुट्टे युरो त्याच्यासाठी काढून ठेवावेत, हे मला शेजाऱ्यांकडे पाहून कळले.

संध्याकाळी सहा ते दहा, म्हणजे घर सर्वांत थंड आणि वीज सर्वांत महाग असते, ते तास कसे काढायचे? या प्रश्नाला इथल्या माणसांनी शोधलेले उत्तर मला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या घरी पहिल्यांदा भेटले. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, विधवा आहेत आणि त्यांचा जन्म याच गल्लीतला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक गोल टेबल आहे, त्याला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाड कापडाची झालर आहे आणि टेबलाच्या पायांमध्ये, जमिनीपासून थोड्या वर, एक लाकडी फळी आहे. तिच्या मधोमध गोल भोक पाडून त्यात विजेची शेगडी बसवलेली आहे, आणि कपडा किंवा पाय लागू नये म्हणून तिच्यावर तारेची घुमटाकार जाळी आहे. या टेबलाला मेसा कामिया म्हणतात आणि शेगडीला ब्रासेरो. पाहुणा आला की तो खुर्ची पुढे ओढतो, झालर मांडीवर घेतो, पाय आत सरकवतो आणि बोलायला लागतो. शेगडी मोठ्या रेडिएटरच्या निम्म्याहूनही कमी वीज घेते, कारण तिला खोली तापवायचीच नसते. झालरीच्या आतली चिमूटभर हवा तापली की पुरे. कमरेपासून वर मात्र थंडीच असते, म्हणून आजी घरात जाड दुलईचा लांब झगा घालतात आणि गळ्याभोवती लोकरी रुमाल गुंडाळतात.

आजींच्या लहानपणी शेगडी पितळेची होती आणि तिच्यात निखारे असत. काटक्यांचा बारीक कोळसा, किंवा तेलाच्या घाण्यातून ऑलिव्ह पिळून झाल्यावर उरलेल्या बियांचा कोळसा, सकाळी दाराबाहेर पेटवायचा, धूर पूर्ण निघून जाईपर्यंत वाट पाहायची आणि मग शेगडी आत आणून टेबलाखाली बसवायची. दिवसभर वर राख धरलेली असे; ऊब कमी वाटली की आजींची आई एका चपट्या पितळी कालथ्याने राख हलकेच बाजूला करून निखारे उघडे करी आणि त्यावर मूठभर सुकी लव्हेंडरची फुले टाकी, म्हणजे खोलीभर वास दरवळे. हे सांगताना आजी टेबलाखाली हात घालून तो कालथा कसा फिरवायचा ते अजूनही दाखवतात, आणि मनगटाची ती सावकाश, अर्धवर्तुळाकार हालचाल पाहिली की ती शेगडी खरोखरच तिथे असावी असे वाटते. त्या काळाचे गोडवे गाऊन त्या थांबत नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. धूर नीट निघायच्या आधी शेगडी आत आणल्यामुळे कोळशाच्या वायूने घरेच्या घरे झोपेत दगावल्याच्या गोष्टी त्यांच्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. शेगडीजवळ वर्षानुवर्षे बसल्याने बायकांच्या नडग्यांवर तांबूस-तपकिरी जाळीदार डाग उठत. आजींच्या पायांवर ते आजही आहेत.

मी परतल्यावर त्यांना भेटायला गेले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "आधी दार लाव, ऊब जाते." कधी आलीस, आई कशी आहे, विमानात काय खायला दिले, हे प्रश्न पाय झालरीखाली गेल्यानंतरचे. पहिली काही वर्षे मी या टेबलाकडे जुनी, गोड रीत म्हणून पाहत होते. आता मला वाटते की या शहरातल्या हिवाळ्याची सगळी रीतभात याच टेबलातून समजते. इथे ऊब घरभर पसरवत नाहीत; ती एका जागी गोळा करतात आणि तिच्याभोवती माणसे बसतात. ज्याला ती हवी त्याने उठून तिच्यापाशी जायचे असते. मी परतल्यावर घडी बसते ती सामान लावून झाल्यावर नाही, तर दिवसाच्या कोणत्या वेळी ऊब कुठे असते आणि तिथे आपली जागा कोणती, हे पुन्हा पायांना आठवते तेव्हा.

सकाळी ती कुठेच नसते. डिसेंबर संपताना सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि आमच्या गल्लीत ऊन उतरायला अकरा वाजतात. यामागे घड्याळाचीही गंमत आहे. ग्रानादा ग्रीनिचच्या किंचित पश्चिमेला आहे. रेखांशाच्या न्यायाने इथे लंडनची वेळ असायला हवी आणि 1940 पर्यंत तशीच होती. त्या वर्षी मार्चमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळ एक तास पुढे नेऊन ते जर्मनीच्या वेळेला जोडले आणि महायुद्ध संपल्यावरही ते मागे आणले नाही. म्हणून हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकनंतर. स्पेनमधली माणसे फार उशिरा जेवतात असे आपल्याकडे कौतुकाने किंवा तक्रारीने सांगितले जाते. पण दोन-अडीचला ती जेवायला बसतात तेव्हा आकाशातल्या सूर्याच्या हिशेबाने मध्यान्ह होऊन जेमतेम तास-दीड तास झालेला असतो. दुकाने दोनला बंद होऊन पाचला उघडतात, ते उन्हाळ्यात उन्हापासून बचाव म्हणून. हिवाळ्यात त्याच तीन तासांत शहर उन्हाला सामोरे जाते.

आमच्या भागात त्याची ठिकाणे ठरलेली आहेत. अल्हांब्रा या जुन्या किल्ल्याची टेकडी उत्तरेचा वारा अडवते आणि रेआलेहो या आमच्या वस्तीचा उतार दक्षिणेला तोंड करून असल्यामुळे कांपो देल प्रिन्सिपेला दुपारी भरपूर ऊन मिळते. तिथे भिंतीकडेच्या बाकांवर निवृत्त पुरुष एका ओळीत बसतात आणि सावली सरकेल तसे सगळे एकेक जागा सरकतात. खाली हेनिल नदीकाठी पासेओ देल सालोनच्या झाडांची पाने तोवर गळून गेलेली असतात, त्यामुळे उन्हाळ्यात गडद सावलीचा असलेला तो रस्ता हिवाळ्यात उजेडाने भरतो, आणि तिथून समोर सिएरा नेवादाचा बर्फ दिसतो. तो बर्फ पाहून इथली माणसे थंडीबद्दल बोलत नाहीत, पाण्याबद्दल बोलतात. यंदा डोंगर पांढरा झाला की नाही, किती खालपर्यंत झाला, यावर पुढच्या उन्हाळ्यात खोऱ्यातल्या शेतीला आणि नळाला किती पाणी येईल हे ठरते. पूर्वी तर माणसे उन्हाळ्याच्या रात्री खेचरांवर तो बर्फ लादून शहरात विकायला आणत. त्यांची ती वाट आजही बर्फवाल्यांची वाट म्हणूनच ओळखली जाते. दुष्काळी जिल्ह्यात जन्मलेल्या मला पाण्याची ही काळजी लगेच आपली वाटली. आई फोनवर उजनी किती टक्के भरले ते सांगते आणि मी तिला डोंगरावर बर्फ कुठवर आला ते सांगते.

या काळात बाजारात जे येते ते परतलेल्या माणसाला हात धरून घरात घेते, असे मला नेहमी वाटते. सोलापुरातून निघताना सीताफळाचा हंगाम संपत आलेला असतो. बालाघाटच्या डोंगरातली शेवटची, काळपट डोळ्यांची फळे आईने माझ्यासाठी राखलेली असतात. इथे सान आगुस्तिनच्या मंडईत येते तो चिरिमोयाचा हंगाम भरात आलेला असतो. ही दोन्ही फळे एकाच कुळातली आणि दोन्हींचे मूळ अमेरिका खंडातले. सीताफळ उष्ण सखल प्रदेशातले, तर चिरिमोया अँडीज पर्वतातल्या थंड खोऱ्यांतला. ग्रानादापासून सुमारे 70 किलोमीटरवर मोत्रिल आणि आल्मुन्येकारचा किनारा आहे. उत्तरेचे वारे डोंगर अडवत असल्याने तिथे हिवाळ्यातही सहसा दव गोठत नाही, आणि म्हणून युरोपात असूनही या पट्ट्यात आंबा, ॲव्होकॅडो आणि चिरिमोया पिकतात. चिरिमोयाचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. परागकण पोचवणारे त्याचे मूळचे कीटक या किनाऱ्यावर नाहीत, त्यामुळे शेतकरी उन्हाळ्यात झाडाझाडाखाली उभे राहून बारीक ब्रशाने नाहीतर छोट्या फुंकणीने एकेक फूल हाताने फळवतात. हे मला एका बागाईतदाराने दाखवले तेव्हापासून त्या फळाला मी पूर्वीच्या घाईने सुरी लावत नाही. साल गुळगुळीत हिरवी, डोळे जेमतेम उमटलेले. मधोमध कापायचे आणि चमच्याने खायचे. गर सीताफळाइतका रवाळ नाही, अधिक सलग, आणि गोडीला मागून हलका आंबट स्पर्श आहे. आई अजून मानत नाही की ते सीताफळाच्या तोडीचे असेल.

नवे तेलही याच दिवसांत येते. आमच्या प्रांतात आणि शेजारच्या खाएनमध्ये नजर पोचेल तिथपर्यंत ऑलिव्हच्या बागा आहेत. ऑक्टोबरअखेर तोडणी सुरू होते आणि फळ हिरवे असतानाच गाळलेले पहिले तेल गडद हिरवे, घशात चरचरणारे असते. सकाळच्या न्याहारीला भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि वर हे तेल, एवढेच. माझ्या बॅगेतून आलेली शेंगाचटणी मी पहिल्यांदा या तेलात कालवली, तेव्हा आजींनी ती चमच्याने चाटून पाहिली आणि मग काही न बोलता बाटलीतले आणखी तेल वाटीत ओतले. त्या घाण्यांतून उरणाऱ्या बिया पूर्वी शेगडीचा कोळसा होत. आता त्या वाळवून, निवडून बॉयलरमध्ये जाळतात, आणि आंदालुसियातल्या कित्येक शाळा आणि इमारती त्यांवर गरम होतात. त्याच जमिनीतून निघालेली ऊब नव्या वाटेने घरात येते आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

संध्याकाळी ऊब बारमध्ये असते. ग्रानादात पेय मागवले की त्याबरोबर खाण्याची एक बशी न मागता येते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरे पेय, दुसरी बशी. स्पेनमध्ये सगळीकडे ही पद्धत उरलेली नाही, इथे ती टिकली आहे, आणि 50 हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या या शहरात ती अनेकांचे रात्रीचे जेवण असते. मी मांस खात नाही हे आमच्या कोपऱ्यावरच्या बारवाल्याला ठाऊक असल्याने तो माझ्यासाठी वांग्याचे तळलेले काप काढतो, वर उसाची काकवी ओतून. होय, काकवीच. अरबांनी इथे आणलेला ऊस ग्रानादाच्या किनाऱ्यावर हजार वर्षे पिकला. सालोब्रेन्याजवळचा शेवटचा साखर कारखाना 2006 मध्ये बंद पडला तेव्हा उसाचे फडही संपले. काकवी मात्र अजून मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावात तयार होते. ऊसपट्ट्यातून आलेल्या मला त्या बंद कारखान्याच्या धुराड्याखाली उभे राहिल्यावर जे वाटले, ते आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही न सांगता कळेल.

डिसेंबरचे सणवार मी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याविषयी सगळीकडे लिहिलेले असते. 22 तारखेची नाताळची सोडत, 31 च्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे, 5 जानेवारीला तीन राजांची मिरवणूक आणि 6 ला वर्तुळाकार गोड पाव. 2 जानेवारीला अल्हांब्राच्या तोरे दे ला वेला या बुरुजावरची घंटा दिवसभर वाजते. तो दिवस 1492 मध्ये शहर मुस्लिम सुलतानाकडून कॅथलिक राजाराणीच्या हाती गेल्याचा आहे आणि तो साजरा करावा की नाही यावर इथे दरवर्षी वाद होतो. मी त्या दिवशी चौकात जात नाही. पण ती घंटा मला प्रिय आहे ती दुसऱ्या कारणाने: शतकानुशतके ती रात्री ठरावीक ठोक्यांनी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पाण्याची पाळी कळवत असे.

सोडतीविषयी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. तिकिटाचा दशांश भाग 20 युरोंना मिळतो आणि पहिले बक्षीस लागले तर त्या दशांशावर 4,00,000 युरो मिळतात. पण लोक एकेकटे तिकीट घेत नाहीत. कचेरी एक क्रमांक घेते, बार एक घेतो, इमारत एक घेते आणि सगळे त्याच क्रमांकात वाटेकरी होतात. लागला तर सगळ्यांना लागावा आणि आपण तेवढे बाहेर राहिलो असे होऊ नये, हा त्यामागचा भाव आहे. मी सोलापुरात असतानाच आजी माझ्या वाट्याचा कागद काढून ठेवतात आणि परतले की झालरीखालून हात पुढे करून तो माझ्या हातात देतात. मी वीस युरो देते, त्या ते मोजून डब्यात टाकतात. आमच्या जिन्याला आजवर काहीही लागलेले नाही आणि क्रमांक बदलावा असे कोणी सुचवतही नाही.

जानेवारीच्या मध्याला माझे मन दोन ठिकाणी असते. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि मी गेली अनेक वर्षे ती फोनवरच पाहते. इथे तीन दिवसांनी, 17 तारखेला, सान आंतोन या संताचा सण येतो. आदल्या रात्री प्रांतातल्या गावागावांत शेकोट्या पेटतात आणि घरोघरी सुकवलेल्या, मोठ्या पावट्यांसारख्या दिसणाऱ्या बाकला, तांदूळ आणि डुकराचे कान-पाय घालून जाडसर रस्सा शिजतो. आजी माझ्यासाठी निराळ्या पातेल्यात तो बिनमांसाचा करतात, त्यात बडीशेपेचा हिरवा पाला भरपूर घालतात. मी मोरोक्कन दुकानातून तीळ आणते, सुपरमार्केटात पानेला या नावाने मिळणारा गूळ किसते आणि तिळगूळ करते. गोड बोला, हे मी त्यांना स्पॅनिशमध्ये सांगते. त्या गंभीरपणे मान हलवून लाडू तोंडात टाकतात.

या सगळ्याला मी सुंदर म्हणते तेव्हा मला त्यातला त्रास लपवायचा नाही. थंड घरात म्हातारी माणसे आजारी पडतात. उत्तरेकडच्या भिंतीवर जानेवारीत ओल येते आणि काळी बुरशी धरते. ती पुसून काढणे हे माझे दर आठवड्याचे काम आहे. वाऱ्याविना दिवस गेले की गाड्यांचा आणि धुराड्यांचा धूर या खोऱ्यात अडकून बसतो. वीजबिलाच्या भीतीने टेबलाखालची शेगडीसुद्धा न लावणारी माणसे याच गल्लीत आहेत आणि त्यांच्या दारात जाऊन "आमच्याकडे या बसायला" म्हणणे पुरेसे नसते. त्यांच्या खिडक्यांना दुहेरी काच लागायला हवी, छताला अस्तर लागायला हवे. इमारतीच्या सभेत मी त्या बाजूने बोलते आणि पुढेही बोलेन. मात्र खोलीखोलीत यंत्र लावून प्रत्येकाने आपापले दार ओढून घेतलेली घरे मी पाहिली आहेत. तिथे थंडी नसते, पण संध्याकाळी सगळी एका जागी येतील असे कारणही उरत नाही. मला दोन्ही हवे: न गोठणारी भिंत आणि सगळ्यांना बोलावणारे टेबल. ही मागणी मोठी आहे असे मला वाटत नाही.

यंदा त्या टेबलाची अडचण झाली आहे. वरच्या मजल्यावर वैद्यकाला शिकणारी तीन मुले नवी राहायला आली आहेत आणि महाग तासांत ती पुस्तके घेऊन आजींकडे उतरतात. चार माणसांच्या टेबलाला सहा जण बसले की झालर कुणाच्या तरी गुडघ्यांवर ताणली जाते, दुसरीकडे उघडी पडते आणि आतली सगळी ऊब निघून जाते. मी या खेपेला आईच्या आग्रहाने दोन सोलापुरी चादरी आणल्या होत्या. आजींनी त्या बोटांनी चाचपल्या, सुती आहेत हे ऐकून समाधानाने मान डोलावली, कारण कृत्रिम धाग्याचे कापड शेगडीजवळ त्यांना चालत नाही, आणि दोन्ही एकमेकींना जोडून नवी झालर शिवायचे ठरवून टाकले. जोड भिंतीकडे यावा आणि मोराची नक्षी दाराकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी ती दिसेल, एवढे त्यांचे म्हणणे आहे. शिलाई मशीन आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर आहे, लोखंडी आहे आणि जिना अरुंद आहे. ते गुरुवारी खाली उतरवण्याचे काम अर्थातच वैद्यकाच्या मुलांकडे गेले आहे.